दादाच्या हातात आबांचा चाकू

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पायजे. आमची आत्या हा किस्सा तिच्या पद्धतीनं सगळीकडं सांगत सुटलीय, तो तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी खरं काय ते माझ्याकडून ऐका. तर, माझ्या सख्ख्या भावाचं लग्न आबांच्या पेरू कापायच्या चाकूनं लागलं. आणि ह्यात थोडी चूक माझी होती. (बरं, सगळी.)

आधी चाकूचं सांगते. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असतो. लाकडी मूठ, पातं मुठीत मिटतं, औंढ्याच्या जत्रेत घेतलेला. मी शाळेतबी जात नव्हते तवाचा. ह्या एका चाकूनं आबा पेरू कापतात, खताच्या पोत्याची शिवण उसवतात, मोटारीच्या वायरी सोलतात, चष्म्याचा स्क्रू पिळतात आणि उरल्या वेळात नखांतली माती काढतात. मधी धुतात का, हे आमी कुणी विचारत न्हाई. मी एकदा त्यांच्यासाठी ऑनलाइन भारीतलं हत्यार मागवलं. कात्री, पक्कड, करवत, सगळं एकातच! आबांनी त्याचं खोकं आपल्या चाकूनं उघडलं, हत्यार उलटंपालटं करून बघितलं, "चांगलं हाय" म्हणले आणि कपाटात ठेवून दिलं. अजून तिथंच आहे.

आता लग्न. आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून. अक्षता पडेपर्यंत ती सोडायची न्हाई. सोडली तर नजर लागते, बाधा होते, आणि आत्या चिडते. (तिसऱ्यावर उतारा न्हाई.) संतोषदादाच्या हातातबी हळदीला कट्यार दिली. लग्नाच्या दिवशी सकाळी शेरवानीच्या बाहीतून ती जाईना, म्हणून त्यानं जराशी करवलीकडं दिली. करवली मी. मला मेंदीचा फोटो काढायचा होता, म्हणून मी कट्यार फ्रीजवर ठेवली. फोटो लई भारी आला.

शिरड शहापूरहून वऱ्हाड निघालं ते थेट कनेरगाव नाक्याच्या कार्यालयासमोर थांबलं. आत्यानं गाडीचं दार उघडलं आणि दादाच्या हाताकडं बघितलं. हातात मोबाईल.

"संतोष, कट्यार कुठं हाय?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मेंदीकडं बघितलं.

आत्यानं दार परत लावून टाकलं. दादा आतच. हळद लागलेला नवरदेव हातात लोखंड नसताना पाय खाली ठेवणार न्हाई म्हणजे न्हाई. माघारी जाऊन कट्यार आणायची तर मुहूर्त गेलाच. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं जॅकचा दांडा काढून दिला. आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो दांडा घेऊन स्वतःच गाडीमागं गेला. आचाऱ्याची सुरी आणली, तिला कांद्याचा वास. तिकडं बँडवाले एकच गाणं फिरून फिरून वाजवून राहिले, आणि नवरीकडच्या बाया ओवाळायचं ताट घेऊन उभ्या, की ह्यांचा नवरदेव उतरून काहून न्हाई राहिला.

तवा आबांनी गपचूप खिशात हात घातला. खटकन पातं उघडलं. आत्यानं चाकू धुतला, वास घेतला, परत धुतला, हळदीकुंकू लावलं आणि टोकाला लिंबू टोचलं. दादा उतरला. मी सुटले.

असं मला वाटलं. कारण त्या चाकूशिवाय आमच्या घरचं पानबी हालत न्हाई, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्यांदा हारांचं गाठोडं सुटंना. आबांचा हात सवयीनं खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. त्यांनी दादाकडं बघितलं. मग म्हणले, "संतोष, जरा इकडं ये बाबा."

आत्या आडवी आली, की चाकू नवरदेवाच्या हातातून सुटणार न्हाई. आबा म्हणले, सुटावं असं कोण म्हणून राहिलं, नवरदेवासकटच पायजे. झालं! लिंबू टोकाला, काम बुडाशी. दादानं हारांची सुतळी कापली. मग माईकची वायर सोलली. मग आचाऱ्याच्या तांदळाचं पोतं उसवलं. अंगावर शेरवानी, कपाळाला मुंडावळ्या, आणि नवरदेव मसाल्याच्या पुड्या फोडून राहिला. आबा शेजारी उभे राहून पुडीचा कोपरा बारीक कापायला सांगत होते.

हे बघितलं नवरीच्या मामानं. मामाला वाटलं, पोराला नाश्ताच कुणी दिला न्हाई, म्हणून ते भुकेनं आचाऱ्याकडं गेलंय. त्यांनी ताट भरून शिरा पाठवला. दादाच्या एका हातात चाकू, दुसऱ्या हातात पुडी. शिरा मी खाल्ला. (वाया कशाला घालवायचा?)

तेवढ्यात मांडवाचा दोर टेम्पोच्या चाकात गुंतला, आणि आबा दादाला घेऊन मागच्या गेटकडं गेले. नेमका तवाच भटजींनी नवरदेवाला बोलावलं. नवरदेव न्हाई. कुणीतरी म्हणलं, मागच्या गेटकडं जाताना दिसला. दुसरं म्हणलं, घाईत होता. मामापर्यंत बातमी पोचली तोवर नवरदेव हातात चाकू घेऊन पळाला होता. मामानं मला धरलं. दादा कुठं गेला म्हणून विचारलं. मी मदत करायची म्हणून खरं तेच सांगितलं.

"टेम्पोकडं गेलाय."

मामा पळाले. त्यांच्यामागं अर्धं वऱ्हाड पळालं. दादा टेम्पोखाली निम्मा आत, निम्मा बाहेर. त्याला पायाला धरून ओढला आणि ग्रीसच्या डागासकट मंचावर आणून उभा केला. मामा कायम नवरीच्या पाठीमागं उभा राहतो. हा मामा आमच्या दादाच्या पाठीमागं उभा राहिला, दंड धरून.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. दादाला घाम फुटला, त्यानं मूठ आवळली, पातं दाबलं गेलं. आता कट्यार मिटत न्हाई, पण घडीचा चाकू मिटतो. त्याचं कामच ते आहे. चाकू मिटला, लिंबू मधी सापडलं, आणि रसाची चिळकांडी थेट दादाच्या दोन्ही डोळ्यांत!

धारा लागल्या. नाक वाहून राहिलं, खांदे हलून राहिले. मामा हळूच म्हणले, पण माईक समोरच होता (वायर दादानंच सोललेली, आवाज एकदम खणखणीत):

"पोरगं रडून राहिलंय. ह्याच्या मनात न्हाई हे लग्न."

भटजी थांबले. नवरीचे वडील खुर्चीत बसले ते बसलेच. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, टाकायच्या का ठेवायच्या कुणाला कळंना. आईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात फ्रीज होता, मेंदी होती, शिराबी होता. मला वाटलं, भावाचं लग्न मोडणारी करवली म्हणून आपलं नाव जिल्हाभर होणार.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून नवरीचा आवाज आला.

"मामा, दंड सोडा त्यांचा. डोळ्यात लिंबू गेलंय, इकडं वास येऊन राहिला." मग जरा हळू, दादाला, "सकाळपासून खिडकीतून बघून राहिले मी. एवढ्या लोकांत काम करणारे तुमी एकटेच दिसले. घ्या, पुसा."

आणि अंतरपाटाखालून एक रुमाल आला. मांडवात असा हशा पिकला की भटजींना कुठवर आलो होतो तेच आठवंना. अक्षता पडल्या. आत्यानं तिच्या सगळ्या माझ्यावर टाकल्या, आणि जोरात. आबांनी आधी चाकू मागून घेतला, पुसला, आणि मग सुनेला आशीर्वाद दिला. जेवताना ते सगळ्यांची नजर प्यालेलं लिंबू त्यांनी वरणावर पिळलं. आत्या त्या पंगतीतून उठूनच गेली.

आता मीबी तसाच चाकू घेतलाय. एकदा सवय लागली की सुटत न्हाई हो! कुरिअर, दोरा, पेन्सिल, संत्री, सगळ्याला तोच. परवा मला बघायला पाहुणे आले. त्यांनी आणलेल्या पेढ्याच्या खोक्याची गाठ आईला सुटंना. मी पर्समधून चाकू काढला आणि एका हातानं खटकन उघडला.

पोरगा खुर्चीसकट मागं सरकला. पेढे चांगले होते. त्यांचा फोन अजून न्हाई आला.

असं तुमच्याबी घरी कधी झालंय का? झालं असंल तर लवकर सांगा. आईला दाखवायचंय की अशी मी एकटीच न्हाई.