दसऱ्याच्या पाटावर दोन बंदुका

आमच्या चौलला वानरांना कुणी मारत नसे. ती मारुतीची, त्यांच्यावर नेम कोण धरणार? वडील दुनळी बंदूक घेऊन माडांखाली जायचे, नळी आभाळाकडे करायचे आणि बार काढायचे. तेवढ्यावर टोळी डोंगराकडे पळायची. शनिवारी तोही बार नाही. बंदूक विलायती, कंपनीचं नाव पोलादावर कोरलेलं. आमचं सगळं पोट त्या नारळ-केळींच्या वाडीवर, म्हणून घरात त्या बंदुकीला मान होता.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा वडील गेले. तेराव्याचं जेवण झालं आणि काकांनी हात पुसता पुसता विषय काढला. काका मुंबईला गोदीत कारकून.

"वयनी, बाईमानसाच्या नावानं लायसन कोन देनार? माझ्या नावावर करून घेतो. बंदूक घरातच ऱ्हाईल."

घर म्हणजे परळचं बिऱ्हाड, हे आम्हाला मागाहून कळलं. बंदूक तिथे भिंतीवर गेली. आईने वाडी कशी राखायची, असं विचारायला मीच माणूस पाठवला, तेव्हा काकांनी एक लांबडं गाठोडं धाडलं. आत बंदूक! नाटकवाल्यांना सामान करून देणाऱ्या सुताराकडून बनवून घेतलेली. सागाचा दस्ता, नळाच्या दोन नळ्या, वर काळा रंग, आणि कंपनीचं नावसुद्धा जागच्या जागी. निरोप असा: "बार हवेतच काढायचा, कुनाला मारायचं थोडंच हाय? वानरांना काय कळतंय!"

मला इतका संताप आला की ती विहिरीत टाकायला निघाले होते. आईने अडवलं. म्हणाली, बघूया तरी.

पहिले काही दिवस खरंच टोळी पळाली. आईने नळी वर केली की माडांवरून धडाधड उड्या. शेजारपाजारचे बघायला यायचे, हुबेहूब हाय म्हणायचे, सुताराची तारीफ करायचे. मग एकदा एक थोराड वानर नुसतं शेंड्यावर बसून राहिलं. आवाज आला नाही, धूर आला नाही. त्याने आईकडे बघत शहाळं तोडलं, थोडं खाल्लं आणि उरलेलं खाली टाकलं. बाकीची परत आली. त्यानंतर आई ती बंदूक घेऊन निघाली की वानरं जागची हलायची नाहीत. केळी गेली, चिकू गेले, कोवळ्या नारळांचा खच पडायला लागला. आणि परळहून दर खेपेला एकच निरोप: राखता येत नसेल तर वाडी विकून टाका, गिऱ्हाईक माझ्याकडे आहे.

म्हणजे डाव हा होता. आईला तो कळला तेव्हा ती चुलीपुढे बसून रडली. नंतर रडली नाही.

दसऱ्याला काका आले, खरी बंदूक घेऊन. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडतात: कोयता, कुदळ, माझी गोफण. काकांनी त्यांच्या शेजारी दोन्ही बंदुका ठेवल्या, दोन्हींना कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि जमलेल्या पुरुषांना म्हणाले, "वळखा बघू, अस्सल कंची?" सगळे लांबूनच बघत होते. दोघांनी खोट्या बंदुकीकडे बोट दाखवलं. काका मांडी थापटून हसले. "मंग? काय फरक हाय?"

एवढ्यात मागच्या दारी धबाधबा शहाळी पडायला लागली. आईने पाटावरची खरी बंदूक उचलली, कुंकवासकट, आणि काकांच्या हातात दिली.

"भावजी, बार काढा."

काका उठले. सगळे मागोमाग वाडीत आलो. काकांनी नळी वर केली आणि तसेच उभे राहिले. वर वानरं निवांत खात होती.

"काडतुसं न्हाईत," ते पुटपुटले. "घरात पोरंबाळं असतात, म्हनून ठेवत न्हाय."

"मंग तुमचं खरं हाय," आई म्हणाली. "फरक न्हाय. तुमच्या हातात दोन्ही सारख्याच."

कुणी हसलं नाही. काका लालबुंद झाले, लायसन, कायदा, घरातला मोठा पुरुष, असं काहीबाही बोलायला लागले. आईने ऐकून घेतलं आणि वाडी विकायची नाही, एवढंच सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेने बंदूक ठेवून जाईल. कसली शरम! दुसऱ्या दिवशी तीच कुंकवाची बंदूक कापडात गुंडाळून बोटीने गेले.

मग आम्ही दोघींनी वाडी राखली. मी गोफण फिरवायची, आई ओरडायची. सकाळी ओरडायची, भर दुपारी ओरडायची, ताप असला तरी ओरडायची, कारण तिच्या आवाजाला टोळी दबून असायची. वर्षानुवर्षं. वाडी आमचीच राहिली. पण आईचा गळा आधी घोगरा झाला आणि मग पार बसला. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाज परत येणार नाही.

काकांच्या घरी ती बंदूक अजून भिंतीवर आहे. पाहुण्यांना सांगतात, अस्सल विलायती, हिच्यावर आमची चौलची वाडी राखली. मी तिथे पाणीसुद्धा पीत नाही. आई गेली तेव्हा मी पुढच्या पडवीत सुपाऱ्या सोलत होते. आत तिने मला हाक मारली असेल. मला ती ऐकू आली नाही.