वाचून दाखवलेलं पत्र

आमच्याकडं खेड्यात शिकलेला माणूस घरी आला की चहाच्या आधी कागद पुढं येतो. बँकेचं पत्र, विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, लग्नपत्रिकेतला मुहूर्त. "जरा वाचा की, मास्तर." वाचणाऱ्यानं वाचायचं, ऐकणाऱ्यानं मान डोलवायची. मधे कुणी शंका घेत नाही. असे कितीतरी कागद मी वाचून दाखवले असतील. त्यातल्या एकाबद्दल मला लिहायचं आहे. त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते मी वाचलं.

मी संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. तरुणपणी बाहेरगावी शिकायला होतो तेव्हा रोइंग करायचो. लांब, अरुंद नाव, दोन हातांत दोन वल्ही आणि ज्या दिशेला जायचं तिकडं पाठ. परत आलो तर इथं हा खेळ कुणी पाहिलेलाच नव्हता. गंगापूरच्या पुढं एका गावाजवळ धरणाच्या फुगवट्याचं पाणी जिभेसारखं आत शिरतं. तिथं वारा कमी, पाणी सरळ. एका क्लबानं टाकून दिलेल्या चार नावा मी आणल्या, चिरा चिकटवून नीट केल्या आणि दर रविवारी मुलांना घेऊन तिथं जाऊ लागलो.

ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो, ते तिथंच भेटले. भोई समाजातले, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. त्या जिभेत त्यांचं जाळं असायचं. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या नावांभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मास्तर, ह्या नावा हायत का काकडीच्या फोडी?" मग वल्ही मारणाऱ्या मुलांकडं बघून म्हणाले, "जायचं तिकडं पाठ करून बसलेत. पोचल्यावर ह्यांना कोण सांगनार, पोचलात म्हनून?" मुलांनी हट्टानं त्यांना एकदा नावेत बसवलं. दोन हात मारले नाहीत तोच नाव उलटली. छातीभर पाण्यात उभं राहून ते म्हणाले, "घरी सांगू नका रं पोरांनो, भोई बुडाला म्हनून."

त्या गावात पाणी वाटलेलं आहे. कुठल्या घरानं कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत जाळं टाकायचं हे त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कधीतरी तोंडी ठरवलं. कागद नाही, खूण नाही. या बाभळीपासून त्या खडकापर्यंत, एवढंच. दुसऱ्याच्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही. ती जीभ बाबांच्या घराची होती. आम्ही आलो की ते जाळं एका कडेला ओढून घ्यायचे आणि आम्ही गेल्यावर पुन्हा पसरायचे. त्यासाठी मला कधी विनंतीसुद्धा करावी लागली नाही.

मग माझ्या डोक्यात स्पर्धा आली. आंतरमहाविद्यालयीन रोइंग स्पर्धा, मराठवाड्यात, आमच्या पाण्यावर. आमची मुलं दरवर्षी लांबच्या शहरांत जाऊन शेवटून दुसरी यायची. एकदा तरी त्यांनी घरच्या पाण्यावर, घरच्या माणसांसमोर वल्ही मारावीत असं मला वाटायचं. हे खरं आहे. प्राचार्यांसमोर, इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांसमोर मला काहीतरी करून दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं आहे. परवानगी हातात येण्याआधीच मी निमंत्रणपत्रिका छापून घेतल्या. सात महाविद्यालयांनी होकार कळवला.

परवानग्यांसाठी मी तीन महिने फिरलो. पोलिसांचं पत्र मिळालं, ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला, रुग्णवाहिका ठरली, पक्ष्यांना त्रास होणार नाही असं लिहून दिलं. धरणाचं पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयानं पाण्याच्या खोलीचा नकाशा मागितला. तो कुणाकडंच नव्हता. बाबांनी तीन सकाळी लांब बांबू घेऊन मला सगळ्या जिभेतून फिरवलं. "हितं दोन पुरुस खोल. हितं कमरंएवढं. हितं खाली जुन्या विहिरीचा कठडा हाय, तुमच्या फोडी फुटतील, दहा हात बाजूनं जा." मी वहीत आकडे टिपत गेलो. तो नकाशा त्या कार्यालयातल्या साहेबांना इतका आवडला की त्यांनी विचारलं, "कुठल्या एजन्सीकडून करून घेतला?"

शेवटी एकच कागद राहिला. तिथं मासेमारी करणाऱ्याचं ना-हरकत पत्र. मी मसुदा नेला. स्पर्धेच्या तीन दिवसांपुरती मासेमारी बंद ठेवायला हरकत नाही, असा. साहेबांनी तो दोनदा वाचला. साहेब वाईट माणूस नव्हते. चहा पाजायचे, बसवून बोलायचे.

"सर, ह्या तारखा टाकल्यात ना, तिथं गोची आहे."

"कसली?"

"तारखा आल्या की परवानगी तेवढ्यापुरती झाली. तशी फाइल मला वर पाठवावी लागते. महिना जाईल, दीड महिना जाईल, मी सांगू शकत नाही. तारखा काढा, फक्त जागा लिहा. मग ते माझ्याच सहीत बसतं. सोमवारी या, घेऊन जा. पुढच्या वर्षी पण यह सब भागदौड नको."

"पण त्यांचं जाळं..."

"अहो, कागदावर आहे ते. तिथं कोण जाळं काढायला जातंय?"

दीड महिन्यानं पाणी राहणार नव्हतं. रब्बीसाठी कालवे सुटले की ती जीभ आटत जाते, उरतो तो चिखल. मी शहागंजातल्या एका टायपिंगच्या दुकानात जाऊन पत्र पुन्हा टाइप करून घेतलं. एक ओळ कमी झाली. दुकानदार म्हणाला, "अब एक पन्ने में आ गया, साब." त्याला बरं वाटलं. मलाही बरंच वाटलं होतं.

रविवारी मी बाबांच्या घरी गेलो. अंगणात ते जाळ्याला गाठी मारत होते. मी पत्र काढलं. ते हात पुसून समोर बसले.

"वाचा."

मी वाचू लागलो. मी खाली सही करणार, अमुक गावचा रहिवासी, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा. त्या वाक्यापाशी आलो आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "स्पर्धेच्या तीन दिवसांपुरती मासेमारी बंद ठेवण्यास माझी हरकत नाही."

आपोआप, असं लिहिलं खरं. तसं नव्हतं. गंगापूरहून जीपमधून येताना रस्ताभर मी ठरवत होतो की हे शब्द वाचायचे की नाही.

"तीनच दिस ना?"

"तीनच, बाबा."

"तसं लिवलंय?"

"हो, लिहिलंय."

त्यांनी जपून, एकेक अक्षर काढत सही केली. शेवटच्या अक्षरावर रेघ मारायला पेन पुन्हा टेकवला. मग म्हणाले, "तीन दिस काय, हप्ताभर घ्या. पोरांचं होऊ द्या."

स्पर्धा झाली. फार चांगली झाली. काठावर आजूबाजूच्या गावांतली माणसं आली, शेळ्या राखणारे शेळ्या सोडून आले, आमच्या मुलींच्या जोडीनं दुसरा क्रमांक काढला. बाबा बचाव-नावेवर होते. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात माझं कौतुक केलं आणि मी ते ऐकलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्या जिभेत हद्द दाखवणारे तरंगते लाल बोये बांधले गेले. काठावर पाटी लागली. जलक्रीडेसाठी राखीव क्षेत्र, मासेमारीस मनाई. खाली बारीक अक्षरांत संदर्भ होता, ना-हरकत पत्राचा. वेरूळ बघायला येणाऱ्या लोकांसाठी तिथं बोटिंग सुरू करायचं ठरलं होतं आणि एका ठेकेदाराला ती जागा करारानं दिली गेली होती. जागा मोकळी आहे, हे माझ्या पत्रामुळं आधीच सिद्ध झालेलं होतं. खोलीचा नकाशाही फाइलीत तयार होता.

बाबांचा फोन आला. "मास्तर, ह्यांनी माझं जाळं काठावर आनून टाकलंय. म्हनत्यात, तूच सही दिली. कायतरी घोळ झालाय, जरा बघा बरं."

मी म्हणालो, "बघतो."

हा एक शब्द मी वर्षभर वापरला. दिवाळीत म्हणालो बघतो, परीक्षांच्या वेळी म्हणालो बघतो. त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला आमची दुसरी स्पर्धा झाली, त्याच पाण्यावर. साहेब म्हणाले होते तसंच झालं, कुठलाही कागद लागला नाही. मी मुलांना सांगितलं की बाबांना बरं नाही म्हणून ते आले नाहीत. ते घरीच होते, काठापासून हाकेच्या अंतरावर.

एकदा मी त्यांना फोनवर विचारलं की पलीकडं, खडकाच्या पुढं जाळं टाकता येणार नाही का. ते म्हणाले, "ते माझ्या भावकीचं पानी हाय. दुसऱ्याच्या पान्यात जाळं टाकू व्हय?" त्या दिवशी मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा अर्ज लिहायला बसलो.

अर्जात मी लिहिलं की ना-हरकत पत्र वाचून दाखवताना माझ्याकडून अनवधानानं चूक झाली, सबब ते रद्द करावं. तो घेऊन गावी गेलो. बाबांची सही लागणार होती. अंगण तेच, पण जाळं कुठं दिसलं नाही. मी कागद काढून वाचायला चष्मा लावला, तेव्हा बाबा म्हणाले, "थांबा." आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "ये गं जरा. हे वाच."

त्यांची सून बाहेर आली. बारावी झालेली आहे. पहिल्या पत्राच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती. तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि उभ्यानंच वाचला.

"अनवधानानं म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"चुकून, मामंजी. ध्यानात न राहून."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "चुकून व्हय, मास्तर?"

मी चष्मा काढला. "नाही. मला माहीत होतं."

सून म्हणाली, "मग आता पन चुकून कशाला लिवलं?" बाबांनी तिला गप्प केलं नाही. मी तिथंच बसून अर्ज पुन्हा हातानं लिहिला. पत्रात मुदत नाही हे ठाऊक असताना मी ती वाचून दाखवली, आणि हे मी जाणूनबुजून केलं. सुनेनं तो वाचून दाखवला. मग बाबांनी सही केली.

दोन महिन्यांनी त्याच कार्यालयात सुनावणी लागली. साहेब बदलून गेले होते, नवे तरुण होते. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. साहेबांनी माझा अर्ज वाचला, खुर्ची पुढं ओढली.

"सर, तुम्ही स्वतःच्या हातानं हे लिहून देताय? ह्याचा अर्थ समजतो का? फसवणूक म्हणतात ह्याला. हे मी नोंदीवर घेतलं तर तुमच्या संस्थेला कळवावं लागेल, पोलिसांत जाईल. नोकरीचं काय होईल?"

"पण मग ते पत्र रद्द होईल ना?"

"ते माझ्या हातात नाही. जागा करारानं गेली आहे. तुमच्या अर्जानं फक्त तुमचं नुकसान होईल." मग ते बाबांकडं वळले. "बाबा, तुम्ही सांगा. सरांनी पत्र वाचलं तेव्हा काय वाचलं?"

बाबा टेबलाकडं बघत होते. मग म्हणाले, "जे लिवलं व्हतं तेच वाचलं. म्याच ध्यान दिलं नाय."

"नक्की?"

"व्हय."

लिपिक लिहू लागला. त्याला तीन ओळी लिहायच्या होत्या. त्या लिहून होईपर्यंत मी बोलू शकलो असतो. बाबा खोटं सांगताहेत, असं तीन शब्दांत सांगता आलं असतं. माझ्या डोक्यात घराचे हप्ते आले, मुलीचं कॉलेज आलं, महाविद्यालयाच्या फाटकातून कायमचं बाहेर पडणारा मी आलो. लिपिकानं कागद फिरवला. बाबांनी सही केली. साहेबांनी माझा हातानं लिहिलेला अर्ज मला परत दिला आणि म्हणाले, "हा घरी न्या, सर."

मी तो घेतला.

बाहेर आल्यावर मी बाबांना विचारलं, असं का सांगितलंत. ते जिन्यावर थांबले.

"तुमची नोकरी जाऊन माझं पानी येनार व्हतं का? साहेबानं तर सांगितलं, नाय म्हनून. मग तुमच्या लेकरांचं वाटोळं म्या कशाला करू?" त्यांच्या आवाजात मोठेपणा नव्हता. थकल्यासारखे बोलत होते. "आन् एक सांगू? तुमी आत बोलाल असं वाटलं व्हतं मला. लिवून आनलंच व्हतं तर बोलाल."

रस्त्यापलीकडं गंगापूरची जीप भरत होती. बाबा मागच्या बाकावर चढले. मी खिडकीशी गेलो आणि रविवारी येतो असं काहीतरी बोललो. ते म्हणाले, "नका येऊ, मास्तर. सुनेला चालत नाय. मला बी नाय." ड्रायव्हरनं अजून दोन माणसं कोंबली आणि जीप निघाली.

त्यानंतर मी स्पर्धेचं काम सोडलं. कारण विचारलं तेव्हा पाठ दुखते असं सांगितलं. दुसरे शिक्षक ती भरवतात, यंदा अकरा महाविद्यालयं आली होती. बाबा आता एका साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालीला असतात, असं त्या गावातल्या एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं. पाण्याकडं जातात का, असं मी त्याला विचारलं. नाही म्हणाला.