लाल टॅग लावलेलं झाकण

चाकणच्या कंपनीत माझं काम एकच: पार्ट मापायचा, आणि चुकला असेल तर त्याला रिजेक्शनचा लाल टॅग लावायचा. या कामाने स्वभाव बिघडतो. निगडीला घरी आले तरी पोळीचा वाकडा काठ माझ्या डोळ्यांत खुपतो. नवरा हल्ली पोळ्या स्वतःच लाटतो आणि त्या होईपर्यंत मला स्वयंपाकघरात फिरकू देत नाही.

असल्या खडूस बाईने एक वेबसाइट काढली. घरातल्या वस्तूंबद्दल लिहायचं आणि खाली खरेदीची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की दुकान मला कमिशन देतं, आणि ते मी चऱ्होलीजवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला देते. त्यातून कानातल्या मशीनचे सेल येतात. सेल संपला की मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर असतं, असं तिथल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या. ते डोक्यातून जाईना. मग मी सुटलेच. एका मिक्सरवर कमिशन घसघशीत होतं, तर नुसता खोक्यावरचा मजकूर वाचून त्याला पाच चांदण्या दिल्या. वर लिहिलं, 'घ्या, पुण्य लागेल.' कमिशनबद्दल चकार शब्द नाही.

आमच्या लाइनवर राजगुरुनगरकडचे एक भाऊ आहेत. त्यांनी वहिनींसाठी तो मिक्सर घेतला. आठवड्याभरात त्याचं झाकण माझ्या तपासणीच्या टेबलावर आलं. त्याला लाल टॅग, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: 'चटणी भिंतीवर'.

"ताई, कंपनीत केसाएवढी चूक सोडत न्हाई तुमी," ते शांतपणे म्हणाले. "हितं पाच चांदण्या कशा दिल्या?"

मी मुलांचं कारण पुढे केलं. त्यांना ते ठाऊक होतंच, लाइनवर मीच सगळ्यांना सांगितलं होतं. पोरांसाठी घेतलाय म्हणून वहिनींनी दोन दिवस मुकाट्याने भिंत पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्याकडून तो मिक्सर आणला, घरी चटणी वाटली आणि माझी भिंत मीच पुसली. मग वेबसाइटवर लिहिलं, 'झाकण गळतं. घेऊ नका.' आणि सगळ्यात वर: 'इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, ते शाळेला जातं. गरज नसेल तर घेऊ नका.'

कमिशन अर्थातच आटलं. पुढच्या खेपेला सेलची पाकिटं कमी घेऊन मी शाळेत गेले, तेव्हा बाईंशी नजर मिळवायची लाज वाटत होती. त्यांनी पाकिटं कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. आम्ही शाळेच्या स्वयंपाकघरासाठी तोच मिक्सर मागवणार होतो, तुमच्याच लिंकवरून. परवा तुमचं वाचलं आणि थांबलो."

ज्या मुलांसाठी मी थापा मारल्या, त्यांच्याच माथी तो मिक्सर मारणार होते मी. बाईंनी विचारलं, मग चांगला कुठला?

मी म्हटलं, आधी चटणी वाटून बघते, मग सांगते.