पळसाच्या पानांचा माणूस

काबूलच्या लढाईसाठी दारूगोळा नेणारी आगगाडी खडवलीजवळ रुळांवरून घसरली आणि तिचा स्फोट झाला. दादा त्या गाडीवर लष्कराचा कारकून होता. काका कचेरीतून कल्याणच्या घरी आले, त्यांनी अंगरखा खुंटीला टांगला आणि वहिनींना सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी खडवलीला गेलो. जे काही सापडले होते ते, माणसांचे आणि खेचरांचे, गोणपाटात भरून नदीकाठच्या एकाच खड्ड्यात टाकले होते आणि वर चुना ओतला होता. मी भावाबद्दल विचारले. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "माणूस कुठला आणि खेचर कुठलं, तेच निवडता येत नव्हतं. तुमचा भाऊ कसा निवडणार?" तो चेष्टा करत नव्हता. तिथला वास माझ्या उपरण्याला लागला होता. ते मी भातसेच्या पाण्यात सोडून दिले आणि तसाच परत आलो.

प्रेत नाही, म्हणून दहन नाही. आमच्यात अशा वेळी पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तो जाळतात. पण मरण कोणी तरी पाहिलेले असावे लागते. नाहीतर बारा वर्षे वाट पाहायची. तोवर बायको कुंकू लावते. जाळल्यानंतर मात्र दहाव्या दिवशी तिचे केस उतरवायला न्हावी परसात येतो.

मला एवढेच हवे होते की दादा शेवटी कुठे बसला होता, आणि त्याला काही कळण्याआधीच सगळे संपले की नाही. म्हणून मी ठाण्याला, दादाच्या कचेरीत जाऊ लागलो. तिथे लष्करी गाडीबद्दल कोणी बोलेना. शेवटी दादाच्या हाताखालचा एक कारकून भेटला. त्याने आधी इकडेतिकडे पाहिले.

"मी कल्याणपर्यंतच होतो," तो म्हणाला. "गाडी पाणी घ्यायला थांबली, तसे आम्ही दोघेही उतरलो. मी माझ्या वाटेने गेलो. ते पुन्हा चढले की नाही, ते मी पाहिलं नाही."

हे मी घरी सांगितले. वहिनी दारामागे उभ्या होत्या. काकांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"म्हणजे पळाला," ते म्हणाले. "काबूलला जायच्या नावानेच पाचावर धारण बसली असेल."

"तसं कोणी म्हणालेलं नाही, काका."

"लोक म्हणतील ना. माझ्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. व्याही विचारणार, घरातला एक पुरुष आहे की नाही? काय सांगू, अधांतरी आहे? त्यापेक्षा मेलेला बरा."

वडील आधीच गेले होते, घर काकांचे होते. हे वाक्य बोलून त्यांनी ताक मागितले आणि ते भुरके मारत प्याले. तो आवाज मला अजून ऐकवत नाही.

संध्याकाळी वहिनी विहिरीपाशी मला म्हणाल्या, "भावजी, ठाण्याला आता जाऊ नका."

"का?"

"तुम्हाला काही कळलं, तर ते मामंजींनाही कळणार."

त्या काकांना मामंजी म्हणत. मी म्हणालो, "आणि दादा कल्याणातच कुठे असला तर?"

"तिकडून यायचं असेल तर घर माहीत आहे. तुम्ही शोधू नका म्हणजे झालं."

मी जाणे थांबवले. त्याचा उपयोग झाला नाही. काकांनीच साक्षीदार आणला. पंगतींमागे गावोगाव फिरणारा एक भटजी होता. त्याला ओटीवर बसवून आधी जेवू घातले. बोटांचे तूप चाटत त्याने सांगितले, की तो भातसेवर स्नान करत असता गाडी पुलावरून गेली आणि शेवटच्या डब्याच्या दारात दादा उभा होता.

"धावत्या गाडीतला माणूस ओळखलात कसा?" मी विचारले.

"गंधावरून. कपाळभर गंध होतं. कुलवंताचं कपाळ लपत नाही."

दादा कामावर निघताना गंध पुसून निघत असे. साहेब हसतो म्हणून. यावरून काकांनी त्याला कितीदा तरी बोल लावले होते. मी काकांकडे पाहिले.

"त्या दिवशी लावलं असेल," ते म्हणाले.

"दारात मी होतो. पुसूनच निघाला."

"तू चार बुकं शिकलास म्हणून ब्राह्मणाला खोटं पाडणार? भटजी, आणखी भात घ्या."

भटजींनी घेतला.

अग्नी मी द्यायचा होता. मी नाही म्हणालो, तेव्हा काकांनी दिला. खाडीच्या काठावर तो पानांचा माणूस नीट जळेना, ओली पाने होती. तेल ओतावे लागले. नारळ फुटला तसे काका म्हणाले, "सुटला बिचारा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. याचीच मला सर्वांत जास्त शिसारी आली. दहाव्या दिवशी न्हावी परसातून आला. वहिनींनी आवाज केला नाही. आतल्या बायका मोठ्याने रडत होत्या आणि मधेच तेराव्याच्या लाडवांना गूळ पुरेल का, हे एकमेकींना विचारत होत्या.

वैशाखात लग्न झाले. भटजी पहिल्या पंगतीत होते.

त्यानंतर मी पुन्हा ठाण्याला गेलो. आता कोणाचे नुकसान व्हायचे राहिले नव्हते. तो कारकून लढाईवर गेला होता आणि परतला नाही. दुसऱ्या कोणाला काही माहीत नव्हते, किंवा सांगायचे नव्हते.

दादा गाडीत पुन्हा चढला की नाही, हे मला कळलेले नाही. काका दरवर्षी त्याचे श्राद्ध करतात. वहिनी मागच्या खोलीत असतात आणि कोणासमोर येत नाहीत.