तुरीच्या वावरातलं दगडांचं कडं

बीबी गावाच्या अलीकडे आमचं वावर आहे आणि त्यात मधोमध काळ्या दगडांचं मोठं गोल कडं. दगड कमरेएवढे, अर्धे मातीत रुतलेले. बाबा वखर त्याला वळसा घालून न्यायचे. दुपारी आई तिथल्याच एका सपाट दगडावर भाकरी सोडायची. ते दगड कोणी मांडले, हे आम्ही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी तिथे शेडनेट उभारायचं ठरवलं आणि दगड काढायला जेसीबीवाल्याला सांगितलं. मी सुट्टीवर आले होते. तूर फुलली होती. आठवण राहावी म्हणून मी दगडांचे फोटो काढून कॉलेजातल्या इतिहासाच्या बाईंना पाठवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बाई हजर!

त्यांनी चपला बांधावर काढल्या, कड्याभोवती सावकाश एक फेरी घातली आणि हळूच म्हणाल्या, "हे दफन आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं माणूस इथे ठेवलं असणार."

आई सपाट दगडापासून मागे सरली. "अवं माय! आपण तं इथंच जेवत आलो."

मग आईनं विचारलं, "बाईमाणूस असन का गडीमाणूस?"

"उकरल्याशिवाय नाही सांगता येणार."

"मंग नोका उकरू. झोपेल माणसाले काऊन उठवाचं?"

बाबांनी आईकडे पाहिलं, खिशातून फोन काढून जेसीबीवाल्याला लावला. "भाऊ, उद्या नोको येऊ. नाही, पुढच्या हप्त्यातही नाही."

बाईंना एसटीत बसवून मी परत वावरात आले आणि कड्याच्या आत आडवी झाले. माती कोमट होती. फुलांचा पिवळा उजेड पापण्यांतून आत येत होता. खाली कुणीतरी माझ्यासारखंच उताणं पडलंय, त्यालाही ही ऊब लागत असेल, असं वाटत राहिलं. भीती मात्र वाटली नाही. कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा आई शेजारी बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. तिनं मला उठवलं नव्हतं.

शेडनेट शेवटी विहिरीकडच्या तुकड्यात उभं राहिलं, ठरवलं होतं त्यापेक्षा आखूड. बाबा एक हंगाम कुरकुरले. यंदा त्यात विकायला मिरचीचं बियाणं धरलंय.