चार माणसांच्या वजनाची गाडी

आमच्या ले-आउटच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. धम्मानंद गजभियेची गाडी त्यावरून गेली की मागून धाडकन आवाज यायचा, आणि माझी बायको तुळसाबाई आतूनच म्हणायची, "आला तुमचा दोस्त. ठेवू का चहा?" त्याला साखर वर्ज्य, मला ती दुप्पट लागते, आणि चहा एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात, व्हायचा. त्यावरून आमच्या घरात काय काय झालं ते पुन्हा कधीतरी सांगेन. आज धम्मानंदच्या गाडीचं सांगतो.

धम्मानंद पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. माझ्याहून बराच लहान. बायको जाऊन त्याला तीन वर्षं झालेली. एकुलती मुलगी मोनाली हैदराबादला, नवरा आणि लेकीसोबत. घर दोन मजली, पण संध्याकाळी दिवा एकाच खोलीत लागायचा. शौक म्हणाल तर गाडी चालवायचा. वळणावर गाडी सडकेला चिकटून गेली की त्याचा चेहरा खुलायचा.

दरवर्षी डिसेंबरात, बायकोच्या स्मृतिदिनाला, हे चौघं पारशिवनीजवळच्या तिच्या माहेरी जात. तिथे बुद्धवंदना, मग गावाला भोजनदान. मागच्या वर्षी जातानाच घोळ झाला. गाडीच्या स्प्रिंगा मऊ. वळण आलं की गाडी कलायची, त्यात नात ओकली. खड्डा आला की गाडी पार खाली बसायची, त्यात मोनालीची आधीच धरलेली कंबर आणखी धरली. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी आपण टॅक्सी करू."

साधंच बोलली पोरगी. पण याच्या मनाला लागलं. मला म्हणे, "आबाजी, वर्षातून तेवढा एक दिवस आम्ही संगं असतो. टॅक्सी केली तर मी ड्रायव्हरच्या बाजूले पाव्हण्यासारखा बसू का?"

तेव्हा कामठी रोडवर ऋषिकेशचं गॅरेज आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. ऋषिकेश बोलायला मोठा तिखट.

"काका, गाडी मऊ पाहिजे का कडक?"

"दोन्ही. पोरीची कंबर नाही दुखली पाहिजे, अन् वळणावर झुकली नाही पाहिजे."

"मंग अर्धी मऊ करतो, अर्धी कडक. तुम्ही कोणत्या अर्ध्यात बसान?"

मग त्यानं नीट सांगितलं. मऊ स्प्रिंग खड्डा गिळते, पण वळणावर झोपते. कडक स्प्रिंग झोपत नाही, पण खड्डा उचलून तुमच्या मणक्यात ठेवते. मधली निवडायची तर गाडीत रोज किती वजन बसतं ते पक्कं पाहिजे.

"चार माणसं," धम्मानंद म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्प्रिंगेकडे पाहत होता.

"मंग आणा चौघांले. बसवून पाहू."

चौघं कुठून आणायचे? शेवटी मोनालीच्या जागी तुळसाबाई, नातीच्या जागी तुरीच्या डाळीचं पोतं आणि पुढे जावयाच्या जागी मी. तुळसाबाई बसता बसता म्हणाली, "जावई म्हणून बसून राहिले, आता मानपान मांगू नका." ऋषिकेशनं चाक आणि पत्रा यांच्यातलं अंतर मोजलं, स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप थोडे आवळले. मग आम्ही कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन आलो. काय गाडी झाली होती म्हणता. वळणं अशी घेतली की डाळीचं पोतंही जागचं हललं नाही, आणि तुळसाबाईनं पूर्ण वाटेत एकदाही "हळू" म्हटलं नाही. तिच्या तोंडून याहून मोठी तारीफ मी ऐकली नाही.

पण तीच गाडी धम्मानंद एकटा घेऊन निघाला की उडायची. मला गाडीतलं कळत नाही, गावच्या शाळेत सातवी शिकलेला माणूस मी. पण आमच्या नरखेडकडची रेंगी, ती हलकी बैलगाडी, मला कळते. माझ्या लग्नाला मला रिकाम्या रेंगीतून नेलं, तर डोक्यावरचा फेटा दोनदा सडकेवर पडला. परत येताना नवरी, करवल्या, आंदणाची भांडी असं सगळं भरलं, तर मी नवरदेव असून घोरत आलो. रेंगी तीच, बैलही तेच.

मी त्याला म्हटलं, "अरे, सध्या मऊ करून घे. डिसेंबरात पुन्हा आवळ."

"अन् तेव्हा नेमकी नाही जमली तर, आबाजी?"

म्हणून त्यानं तांदळाची पोती आणली. दोन मागे, एक शेजारच्या सीटवर. पट्टा लावला नाही की गाडी टुंटुं करते, म्हणून पोत्यालाही पट्टा. भाजीवाली त्याला विचारायची, "काका, तुमचे पाव्हणे काहून उतरत नाही कधी?" तोही हसायचा. मात्र एकदा मी मागे बसलो असताना त्यानं जोरात ब्रेक लावला, आणि त्याचा डावा हात आपोआप शेजारच्या पोत्यापुढे आडवा गेला, आपण माणसाला धरतो तसा. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

डिसेंबर आला. पोती माझ्या ओट्यावर आली, आणि मोनाली टॅक्सीचं नाव न काढता गाडीत बसली. संध्याकाळी परतल्यावर तो सरळ माझ्याकडे आला.

"एक धक्का नाही बसला, आबाजी. नात ओकली नाही. मोनाली तर कामठी यायच्या आत झोपली. जावई कानात घालून गाणे ऐकत होता. पारशिवनीपर्यंत कोणाचा आवाज नाही."

"मग जिंकलास की."

"हो न." चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "गोष्टी करायच्या होत्या जराशा. पण उठवावं कसं?"

दुसऱ्या दिवशी तो त्यांना स्टेशनवर सोडून आला. गतिरोधकावर धाड झालं, पण चहाला कोणी येईना. मी बाहेर गेलो. तो फाटकासमोर गाडी बंद करून आतच बसला होता.

"मोनाली म्हणे, गाडी मस्त झाली. पण पुढच्या वर्षी पोरीच्या शाळेनं जमणार नाही. मीच तिकडे जायचं, आईचं तिकडेच करू. अन् म्हणे, बाबा, एकट्याले गाडी कायले लागते?"

मी खिडकीशी वाकलो. मग म्हटलं, "उद्या ऋषिकेशकडे जाऊ. जो रोज बसतो त्याच्या वजनाची करून घे."

"अन् ते आले तर कलन न गाडी."

"आले तर कलू दे."

सकाळी गेलो. ऋषिकेश या वेळी तिखट बोलला नाही. मागच्या स्प्रिंगा काढून मऊ घातल्या, शॉकअप सैल केले. "काका, एक चक्कर मारून या."

मी सवयीनं दार उघडलं.

"नाही आबाजी," धम्मानंद म्हणाला. "तुम्ही बसले तर समजणार नाही. हे एकट्यानंच पाहा लागते."

तो गेला. ऋषिकेशनं मला स्टूल दिलं, चहा मागवला. मी त्याला रेंगीची गोष्ट सांगितली, ती संपली, तरी गाडी येईना. मी दुसरी सुरू केली. मग आली, आवाज न करता.

"झुकते का?" ऋषिकेशनं विचारलं.

"नाही."

"धक्का?"

"नाही. बरोबर आहे." त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

मी शेजारी जाऊन बसलो. गाडी माझ्या बाजूनं चांगली कलली. त्यानं ते पाहिलं.

"बिघडवली न तुम्ही," तो म्हणाला आणि गियर टाकला. घराकडे वळायचं ते वळला नाही, कन्हानकडे सरळ घेतली.