शुक्रवारचा दयाळ

भिवंडीच्या नारपोलीत आम्ही लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड कानांइतकीच तळपायांनी ऐकतो. मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. मात्रा मोजण्याची खोड जुनी. त्यामुळे शेजारच्या चाचींच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर बसून गाणारा काळा-पांढरा दयाळ रोज एकाच पट्टीत गात नाही, हे मला कधीचे जाणवले होते. खाली चाचींचे लूम चालू असले की त्याचा स्वर काचेच्या बांगडीसारखा वर किणकिणे. लूम बंद असले की तो खाली उतरे, माठातल्या पाण्यासारखा गार होई.

पक्ष्यांची गाणी आणि त्यांचे मेंदू यांचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकाबाईंना मी हे कळवले, आणि त्या चक्क आल्या. टाकीशेजारी ध्वनिमुद्रक बसला. मार्चपासून रोज पहाटे गच्चीवर जाऊन तो सुरू करायचा, वहीत तारीख, वेळ, वारा, ढग नोंदवायचे, हे काम माझ्याकडे आले. बाई फोनवर सांगत, "शेंगदाण्याएवढा मेंदू, पण स्वतःचे गाणे ऐकतो, तपासतो, दुरुस्त करतो." माझ्या अंगावर काटा येई. कविता लिहिताना मी तरी वेगळे काय करत होते?

जूनच्या एका गुरुवारी बाई आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने.

"तुमच्या कानांवर भिस्त होती हो माझी. पण लूम चालू असोत की बंद, स्वर जवळपास सारखाच दिसतो. उद्या यंत्र काढून गणेशपुरीला नेते. तिथल्या शेतांत पुन्हा सुरुवात करू."

इतक्या पहाटा मी जे ऐकले, ते नव्हतेच? पदरचे घालून ऐकत होते मी? मग वर्गात मुलांना मी कोणत्या तोंडाने सांगणार, की कवितेला आधी कान लावा?

चाची चहा घेऊन वर आल्या. "काय ग टीचर, कोणाचा मातम चाललाय?"

बाईंनी सौजन्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ही निळी रेघ रविवारची. म्हणजे लूम बंद असतानाची."

चाचींच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. "रविवारी बंद? कोणाचे?"

"सगळ्यांचेच. नाही का?"

"अल्ला! मॅडम, ही भिवंडी हाय. लूम जुम्म्याला बंद असतात, माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून. रविवारी तर आमचे हे जेवायलासुद्धा वर येत न्हाय. एवढं शिकलात, एकदा खाली डोकावून बघायचं व्हतं!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू? इथंच जन्मलीस ना? तोंडात काय सुपारी धरली व्हतीस?"

वाऱ्याची दिशा मी इमानाने लिहीत होते. शुक्रवारी लूम बंद असतात हे लिहिणे म्हणजे सकाळी उजाडते असे लिहिणे. आणि बाईंच्या संगणकाने रविवार आपोआप वेगळे काढले होते.

बाई लॅपटॉपपुढे मांडी ठोकून बसल्या. चाचींनी पडद्यावरचे ऊन अडवायला ओढणी ताणून धरली. सगळे शुक्रवार वेगळे झाले, आणि निळी रेघ खाली उतरली. स्पष्ट, सरळ, सगळ्यांच्या देखत खाली! बाईंनी आधी मला मिठी मारली, मग चाचींना, मग चुकून पाण्याच्या टाकीला. चहा सांडला. आम्ही तिघी इतक्या हसलो की मागाच्या खोलीतला कारागीर जिन्यापर्यंत येऊन पाहून गेला.

त्या रात्री बाई माझ्याकडेच राहिल्या. पहाटे आम्ही अनवाणी गच्चीवर गेलो. लूम बंद होते. पूर्णा गावातल्या गोदामांकडे जाणारा एखादा ट्रक दूर घुमे, तेवढाच आवाज. गार फरशी, ओल्या शेवाळाचा वास. दयाळ आला, शेपटी उंचावली आणि अगदी खालच्या स्वरात, आळसावलेल्या ऐटीत सुरू झाला. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. डोळ्यांत पाणी, खांदे गदगदणारे.

"उतरला ना?" मागून चाची कुजबुजल्या. "मी सांगितलं न्हाय?"

झाले. आधी बाईंना हसू फुटले, मग मला, मग चाचींना. पक्षी भुर्रकन उडून गेला. ध्वनिमुद्रक मात्र सुरूच होता, आणि तीन बायकांचे खिदळणे त्यात इमानाने उतरले. शास्त्राच्या नियमांनुसार ती पहाट बाद झाली. बाईंनी माझी वही मागून घेतली, शेऱ्याच्या रकान्यात 'मानवी गोंगाट: अति' असे लिहिले, आणि यंत्र तिथेच ठेवून पहिली एसटी पकडली.